कोसळलेला बर्फ बघायला

परत आल्यापासून लंडनजवळच्या वॉटफर्डमधल्या मैत्रिणी एकच प्रश्न विचारतात. "मार्चमध्ये स्कॉटलंडला? बर्फ पडताना बघायला?" मी सांगते, पडताना नाही गं, कोसळलेला. मग त्या हसतात, कारण त्यांना वाटतं मी शब्दांत गडबड केली. म्हणून हे नीट बसून लिहून काढते आहे.

मी जुन्नरकडची. आमच्याकडे पावसाळ्यात माळशेज घाटात दरड कोसळते, रस्ता बंद होतो, एसट्या परत फिरतात. डोंगराचा एक तुकडा सुटून खाली येऊ शकतो हे आम्हाला लहानपणापासून माहीत असतं. पण बर्फाचीही दरड कोसळते, आणि तीही या देशात, जिथे सगळ्यांत उंच डोंगर आमच्या कळसूबाईपेक्षा बुटका आहे, हे मला गेल्या वर्षीपर्यंत खरं वाटत नव्हतं.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत माझा नवरा नितीन आणि त्याचा कॉलेजपासूनचा मित्र मंदार स्कॉटलंडमधल्या केर्नगॉर्मच्या डोंगरात गेले होते. दोघंही पुण्याचे, दोघंही सॉफ्टवेअरमधले. आम्ही वॉटफर्डला, मंदार साउथहॅम्प्टनला. दर हिवाळ्यात चार दिवस डोंगरात जायचं हा त्यांचा सात-आठ वर्षांचा नेम. त्या दिवशी मंदार पुढे होता, नितीन मागे. एका उतारावरून आडवं जाताना मंदारच्या पायाखाली बर्फ तुटला. मंदार तुटलेल्या कडेच्या वरच राहिला. नितीन खाली गेला. मांडीचं हाड आणि कंबरेचं हाड मोडलं, पुरता बर्फाखाली गाडला गेला. मंदारनं त्याला छातीपर्यंत उकरून काढला, बचाव पथकाला फोन केला, आणि पथक येईपर्यंत दोन तास तो त्याच्याजवळ बसून राहिला. नितीन वाचला. आज काठी घेऊन चालतो, कामावर जातो.

मला इन्व्हर्नेसच्या हॉस्पिटलात पोचायला दुसरा दिवस उजाडला. मंदार कॉरिडॉरमध्ये जॅकेटच्या खिशात हात घालून उभा होता. मी त्याला म्हणाले, "पुढे तू होतास. तुला कळायला हवं होतं." त्यानं खिशातले हातसुद्धा काढले नाहीत, आणि त्याचा मला राग आला.

त्यानंतर तो दोनदा हॉस्पिटलात आला आणि मग आलाच नाही. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सोडला, दिवाळीला बोलावलं तर कामाचं कारण सांगितलं. नितीनला वाटायचं मंदार घाबरला असेल, येईल हळूहळू. मला कारण माहीत होतं, आणि मी ते नितीनला सांगितलं नाही.

या फेब्रुवारीत मंदारचा नितीनला मेसेज आला. "मी तिकडे परत जातोय. मार्चमध्ये. तुला सांगावंसं वाटलं." नितीननं फोन माझ्यापुढे धरला.

"तू जा त्याच्याबरोबर," तो म्हणाला.

"मी? मी काय करू तिथे?"

"मला जाता येत नाही. आणि तो एकटा जाता कामा नये. बस."

सोमवार, एव्हिमोर

किंग्ज क्रॉसच्या फलाटावर मंदार भेटला. वर्षात दहा वर्षांनी मोठा झाल्यासारखा दिसत होता. माझी बॅग उचलायला पुढे आला आणि म्हणाला, "द्या, मी घेतो. तुम्ही पुढे व्हा."

तुम्ही! मी त्याला वीस वर्षं ओळखते. माझ्या लग्नात यानं मांडवात माझी चप्पल लपवून, पैसे घेतल्याशिवाय देणार नाही म्हणून तासभर छळलं होतं. आता अनोळखी बाईशी बोलावं तसं तुम्ही. गाडीत सात तास समोरासमोर बसलो. मी पुस्तक वाचल्यासारखं केलं, त्यानं फोनवर हवामान बघितलं. एडिंबरा गेल्यावर मी डबा उघडला. वेम्बलीच्या ईलिंग रोडवरून आणलेल्या भाजणीची थालीपीठं होती. त्यानं दोन खाल्ली आणि "थँक्यू" म्हणाला. मराठी माणूस थालीपीठासाठी थँक्यू म्हणतो तेव्हा फार वाईट वाटतं.

डोंगराच्या पायथ्याच्या गावी, एव्हिमोरला उतरलो तर पाऊस आणि बर्फ यांच्या मधलं काहीतरी आडवं येत होतं. आमचं गेस्ट हाउस स्टेशनपासून दहा मिनिटांवर. मालक डग्लस, सत्तरीचा, एकटा राहणारा, तांबड्या गालांचा माणूस. त्यानं आधी आमचे ओले बूट काढून घेतले, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले, आणि मग नावं विचारली. मला तो तिथेच आवडला.

मंगळवार

दिवसभर वादळ. वर डोंगरावर ताशी सत्तर मैलांचा वारा आहे, असं डग्लसनं नाश्त्याला सांगितलं, शेजारच्या गल्लीत काय चाललंय ते सांगावं इतक्या सहज. नाश्त्याला त्यानं मीठ घातलेलं पॉरिज, म्हणजे ओटची लापशी, आणलं. लंडनकडे लोक त्यात मध घालतात, फळं घालतात. डग्लसला ते सांगितलं तर त्याचा चेहरा असा झाला की जणू मी वरणात साखरेचा पाक घालते म्हणाले. पहिला घास घेतला आणि मला आजारपणातली पेज आठवली. तीच चव, फक्त तूप नाही. मी त्याच्याकडे लोणी मागितलं. त्यानं कुतूहलानं बघितलं, मग स्वतःच्याही वाडग्यात थोडं घालून पाहिलं. "वाईट नाही," म्हणाला. मला मंदारनं हळूच सांगितलं की स्कॉटिश माणसाची ही सर्वांत मोठी स्तुती.

दुपारी आमची गाइड भेटायला आली. कर्स्टी तिचं नाव. साठीला आलेली, पूर्वी शाळेत पीटी शिकवायची, आता हिवाळ्यात लोकांना डोंगरात नेते. मंदारनं तिला इंटरनेटवर शोधलंय एवढंच मला ठाऊक होतं. ती आत आली, माझ्याशी हात मिळवला आणि मंदारकडे वळली.

"बोटं कशी आहेत?"

मंदारनं हात पुढे केले. तिनं ते डॉक्टरांसारखे उलटेपालटे करून पाहिले. उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गुळगुळीत, चकचकीत गुलाबी होती, आणि एकाला नखच नव्हतं.

"थंडीत अजून दुखतात?"

"थोडी."

कर्स्टी माझ्याकडे वळून म्हणाली, "मी त्या दिवशी पथकात होते. आम्ही पोचलो तेव्हा हा उघड्या हातांनी मित्राचे पाय अजून उकरत होता. नुसता बर्फ नसतो तो, थांबल्यावर सिमेंटसारखा घट्ट होतो. थांब म्हटलं तरी थांबेना. दोघांनी धरून बाजूला करावा लागला."

ते पथक म्हणजे कुणी सरकारी माणसं नव्हेत. कर्स्टी पीटीची बाई, तिच्याबरोबरचे कुणी प्लंबर, कुणी दुकानदार, आणि कुणालाच पगार नाही. सह्याद्रीत कुणी कड्यावरून पडलं की गावातली पोरं आणि गिर्यारोहक दोर घेऊन निघतात, तसंच.

ती गेल्यावर मी मंदारला विचारलं, "त्या दिवशी हॉस्पिटलमध्ये हात खिशात घातले होतेस, ते यामुळे?"

"बँडेज होतं," तो म्हणाला. "तुम्ही आधीच टेन्शनमध्ये होता. म्हटलं, आणखी कशाला."

बुधवार

वारा पडला. कर्स्टीनं आम्हाला डोंगराच्या पायथ्याशी एका छोट्याशा, घसरलात तरी काही होणार नाही अशा उतारावर नेलं. आज वर जायचं नाही, असं तिनं ठणकावून सांगितलं. रात्रभर वाऱ्यानं बर्फ उचलून पलीकडच्या बाजूला नेऊन टाकलाय. तो तिथे बसतो आहे की सुटतो आहे, हे एक दिवस लांबून बघायचं.

माझं शिक्षण सुरू झालं. बर्फाची कुऱ्हाड कशी धरायची, पडलं तर तिचं टोक छातीखाली दाबून कसं थांबायचं. मी पाठीवर, पोटावर, डोकं खाली करून अशी सगळ्या प्रकारांनी घसरले. तिसऱ्या वेळी माझ्या तोंडून "आई गं" इतक्या मोठ्यानं निघालं की खालच्या रस्त्यावरचा एक कुत्रा भुंकायला लागला. मग क्रॅम्पॉन, म्हणजे बुटाखाली बांधायचे लोखंडी दात. मी मान खाली घालून पट्टे आवळत होते, आणि वरून आवाज आला.

"अगं, उलटा घातलायस. तो डावा आहे. दे इकडे."

मंदार गुडघ्यावर बसला आणि पट्टे सोडवायला लागला. आपण काय बोललो हे त्याच्या लक्षात आलं नाही. मीही आणून दिलं नाही. पण त्यानंतर ते 'तुम्ही' परत आलं नाही.

जेवणानंतर कर्स्टीनं फावड्यानं कमरेइतका खड्डा खणला आणि त्याची एक बाजू भिंतीसारखी सरळ कापली. "आता इथे हात लावा," म्हणाली. वरून खाली बोट दाबत यायचं. कुठे मूठ आत जाते, कुठे एकच बोट, कुठे पेन्सिलच काय ती शिरते. बर्फाचे थर असतात, आणि प्रत्येक थर एकेका दिवसाचं हवामान सांगतो. वरचा थर जाड आणि घट्ट होता, कालच्या वाऱ्यानं आणून थापलेला. त्याच्याखाली बोटभर जागेत पांढरे गोल दाणे होते. मी हातात घेतले, तर चिकटेचनात, बोटांतून घरंगळून गेले.

"साबुदाणा!" मी मंदारला म्हणाले.

तो हसला. वर्षभरात पहिल्यांदा मी त्याला हसताना पाहिलं. मग त्यानं कर्स्टीला साबुदाणा म्हणजे काय ते समजावून सांगितलं. ती म्हणाली, "मग झालं तर. तुमच्या या साबुदाण्यावर एक फरशी ठेवलीय आणि सगळं तिरकं धरलंय. किती वेळ राहील?"

तिनं थराच्या वर फावडं ठेवलं आणि हाताच्या पंजानं हलकेच थापट्या मारल्या. सात-आठ थापट्यांत आमच्या डोळ्यांसमोर वरची अख्खी लादी सुटली आणि सुरीनं कापल्यासारखी पुढे सरकली. आवाज जवळजवळ नव्हताच. मंदारचं हसू गेलं. तो त्या रिकाम्या जागेकडे बघत बसला.

गुरुवार, कॉरीत

कॉरी म्हणजे डोंगराच्या पोटात वाटीसारखी खोलगट जागा, तीन बाजूंना कडे आणि मधे एखादं तळं. जिथे नितीन खाली गेला तीही एक कॉरीच. तिचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की कुणीतरी शोधत जाईल.

सकाळी स्वच्छ ऊन पडलं होतं. गाडीतळापासून दोन तास चाललो. हीदरची काळपट झुडपं बर्फातून डोकी काढून होती. एक पांढराशुभ्र पक्षी आमच्या पायाजवळून उडाला तेव्हा कळलं की तो तिथे होता. कर्स्टी म्हणाली, टार्मिगन, उन्हाळ्यात हा दगडाच्या रंगाचा होतो. तळ्याच्या अलीकडे दगडधोंड्यांचा एक उंचवटा होता, कड्यांपासून चांगला लांब. तिथे तिनं काठी रोवली.

"याच्या पुढे आज कुणी जायचं नाही. इथून बघायचं."

समोर बघितलं आणि मला आधी काहीच समजलं नाही. पांढऱ्यावर पांढरं. मग नजर बसली. वर, कड्याच्या अगदी माथ्याशी, बर्फाचे छज्जे पुढे आलेले होते. त्याखाली उतारावर एक आडवी रेघ होती, कुणी पट्टी धरून ओढावी अशी, शंभर-दीडशे पावलं लांब, आणि तिच्या खालचा सगळा उतार सोललेला. खाली तळ्यावर ढेकळांचा ढीग. लांबून ती ढेकळं दगडी मिठासारखी वाटत होती. कर्स्टीनं दुर्बीण दिली, तेव्हा दिसलं की एकेक ढेकूळ फ्रिजएवढं आहे. तळ्याचं गोठलेलं पाणी त्या वजनानं फुटलं होतं आणि काळं पाणी वर आलं होतं.

"मंगळवारी रात्री किंवा काल पहाटे," कर्स्टी म्हणाली. "माणूस नाही, प्राणी नाही. नैसर्गिक. वाऱ्यानं भरलं, भरलं, आणि सुटलं." तिनं वही काढून उंची, दिशा, रेघेची अंदाजे लांबी लिहायला घेतली. इथे हिवाळ्यात रोज हिमस्खलनाचा अंदाज निघतो, आणि डोंगरात जाणारे लोक आपण काय पाहिलं ते त्यांना कळवतात.

मंदारनं दुर्बीण घेतली. रेघेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ती फिरवली आणि म्हणाला, "तीच जागा आहे."

"हो," कर्स्टी म्हणाली.

"तोच उतार. अगदी तीच लाइन." त्याचा आवाज चढला. "म्हणजे हा आपला आपण येतो. कुणी नसलं तरी. मग गेल्या वर्षी पण आला असता. त्या दिवशी नाही तर दुसऱ्या दिवशी. येणारच होता."

तो कर्स्टीकडे बघत होता. मला कळलं की तो यासाठी इथवर आलाय. वर्षभर तो हे एक वाक्य कुणाच्या तरी तोंडून ऐकायला थांबला होता. मला मनातून वाटलं, हो म्हण बाई, काय जातं तुझं.

कर्स्टीनं वही मिटली.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "कदाचित आला असता, कदाचित बसला असता. गेल्या वर्षीचा तुमच्या वजनानं तुटला. पथकाच्या अहवालात मी तसंच लिहून दिलं होतं, आणि ते बदलणार नाही. पण त्याच सकाळी मी दोन माणसांना घेऊन पलीकडच्या कॉरीत होते. याच दिशेचा उतार, हाच बर्फ. अंदाज मीही वाचला होता, तुम्हीही वाचला होता. मी गेले, माझ्याखाली तुटला नाही. तीस वर्षांचा अनुभव आहे, पण त्या दिवशी तो कामी आला असं मी म्हणणार नाही. माझं नशीब होतं. संध्याकाळी तुमच्या मित्राचं स्ट्रेचर धरताना माझ्या डोक्यात तेच चाललं होतं."

मंदार खाली दगडावर बसला. मी त्याच्या शेजारी बसले. थर्मासमधला चहा ओतून कप त्याच्या हातात दिला.

"मी तुला हॉस्पिटलात जे बोलले—"

"ते खरं होतं, मेधा."

"असेल. पण तेवढंच बोलायला नको होतं. तू त्याला बाहेर काढलास हे मला त्याच वेळी माहीत होतं, आणि ते मी बोलले नाही. वर्षभर बोलले नाही. मला कुणावर तरी ओरडायचं होतं, आणि तू समोर होतास."

त्यानं कप दोन्ही हातांत धरला होता. म्हणाला, "मी रोज ते पाऊल टाकतो. ऑफिसमध्ये, मीटिंगमध्ये. प्रत्येक वेळी वाटतं की या वेळी थांबेन."

मी उरलेलं थालीपीठ काढलं. थंडीनं ते पुठ्ठ्यासारखं झालं होतं. तिघांनी तोडून लिंबाच्या लोणच्याबरोबर खाल्लं. कर्स्टीनं तिच्या ओटच्या जाड बिस्किटासारख्या भाकऱ्या दिल्या. लोणचं त्यांच्यावर जास्त चांगलं लागतं, हे तिनं शोधून काढलं.

आम्ही निघायच्या बेतात होतो तेव्हा खालून दोघं येताना दिसली. एक मुलगी आणि एक मुलगा, पंचविशीचे, लीड्सहून आलेले. नवे कोरे बूट, चेहऱ्यावर ऊन, एकदम खुशीत. मुलानं नमस्कार-चमत्कार झाल्यावर समोर बोट दाखवलं. ढिगाच्या डावीकडून उतार आडवा कापून माथ्यावर जायचं, असा त्यांचा बेत होता.

"पडायचं ते पडून गेलंय ना आता," तो म्हणाला. "म्हणजे सेफ."

कर्स्टी बोलायला पुढे झाली. पण तिच्या आधी मंदार उठला.

"उजवा भाग पडलाय," तो म्हणाला. "तुम्ही म्हणताय तो डावा अजून तिथेच आहे. काल आम्ही खणून बघितलं. खालचा थर धरत नाहीये."

मुलगा हसला, म्हणाला की आम्ही सावकाश जाऊ. मुलगी मात्र मंदारकडे बघत होती. मंदार तिच्याकडे वळला.

"गेल्या वर्षी मी तिथून गेलो. तुम्ही जाणार तिथूनच. मी पुढे होतो, माझा मित्र मागे. असंच ऊन होतं. आम्ही पण म्हणालो होतो की सावकाश जाऊ. माझ्या पायाखाली तुटला आणि तो खाली गेला. त्या तळ्यापर्यंत. मी वर उभा राहून बघत होतो."

त्याचं इंग्रजी एरवी झरझर असतं. या वेळी प्रत्येक शब्द तो वेगळा उचलून ठेवत होता. मुलाचं हसू ओसरलं. त्यानं समोरच्या उताराकडे बघितलं, मग स्वतःच्या बुटांकडे.

मुलीनं विचारलं, "आणि तुमचा मित्र? आता कसा आहे?"

मला उत्तर माहीत होतं: काठी घेऊन चालतो, जिना चढताना दुखतं, नव्या प्रोजेक्टवर आहे, रविवारी पोहे करतो. मंदारनं माझ्याकडे बघितलं. ते मी त्याच्या वतीनं सांगायचं नाही, एवढं मला त्या क्षणी पक्कं कळलं.

"मला माहीत नाही," मंदार म्हणाला. "मी वर्षभर त्याला भेटलो नाहीये. परवा जाणार आहे."

ती दोघं आमच्याबरोबर खाली आली. वाटेत मुलगा एकदा कुरकुरला, आणि अर्ध्या तासानं आपणहून म्हणाला की गाडीतळाजवळ एक कॅफे आहे, सगळ्यांना हॉट चॉकलेट माझ्याकडून. डावा भाग त्या दिवशी सुटला की नाही हे मला माहीत नाही. कर्स्टीला विचारणार होते, पण विचारलं नाही.

शनिवार, वॉटफर्ड

मंदार साउथहॅम्प्टनला न जाता माझ्याबरोबर आला. दार नितीननं उघडलं. तो मंदारला म्हणाला, "आत ये, हीटिंग चालू आहे," आणि काठी टेकत वळला.

मी चहा टाकला. बाहेर आले तर दोघं सोफ्यावर, आणि मधे मंदारचा फोन. नितीन बोटांनी फोटो मोठा करत होता.

"इथे होतो मी?"

"नाही. अजून खाली. त्या काळ्या खडकाच्या डाव्या हाताला."

"एवढा खाली?" नितीननं फोटो आणखी मोठा केला. "मंद्या, मला काही आठवत नाही. तुझी पाठ दिसतेय, आणि मग एकदम हेलिकॉप्टरचा आवाज. मधलं सगळं गायब. वर्ष झालं. डॉक्टरला विचारलं, हिला विचारलं. ते दोन तास कुणालाच माहीत नाहीत. फक्त तुला."

हे त्यानं मला कधी असं सांगितलं नव्हतं. मी त्याला मोडलेल्या हाडांबद्दल विचारत राहिले, औषधांबद्दल विचारत राहिले. फार्मसिस्ट आहे ना मी.

मंदारनं सांगायला सुरुवात केली. बर्फ थांबला तेव्हा नितीनचा एक हात तेवढा बाहेर दिसत होता. कुऱ्हाड वापरायची भीती वाटली, तोंडाला लागेल म्हणून. आधी तोंड मोकळं केलं, मग छाती. नितीन शुद्धीवर आला आणि पाणी मागितलं. सारखा एकच प्रश्न विचारत होता, आज कोणता वार आहे.

"मी काय विचारत होतो?"

"वार. वीसेक वेळा विचारलास. मी दर वेळी शनिवार म्हणून सांगितलं. मग तुझे हात बघितले. निळे पडले होते, ग्लोव्ह्ज कुठे गेले होते कुणास ठाऊक. म्हणून माझे काढून तुला घातले."

नितीन काठी घेऊन उठला आणि आतल्या खोलीत गेला. कपाट उघडल्याचा आवाज आला. येताना त्याच्या हातात हॉस्पिटलची प्लॅस्टिकची पिशवी होती. घरी सोडताना त्याचं सामान ज्यात दिलं होतं ती. तिच्यातून त्यानं राखाडी ग्लोव्ह्जची एक जोडी काढली.

"हे माझे नाहीत, हे मला माहीत होतं," तो म्हणाला. "वाटलं, पथकातल्या कुणाचे असतील. परत पाठवायचे म्हणून धुऊन ठेवले होते. पत्ता मिळत नव्हता."

मंदारनं ते घेतले आणि मांडीवर ठेवले. एका ग्लोव्हची बोटं तो सरळ करत राहिला. माझा चहा गार झाला होता, पण कुणी उठलं नाही.

"पुढे सांग," नितीन म्हणाला. "शनिवार आहे म्हणालास. मग मी काय म्हणालो?"